व्याह्यांची करवत

करवत अर्धी उघडून अडकली होती आणि ती व्याह्यांची होती. पितांबर नानांचं सगळं दुखणं एवढ्यात आलं. भावकीतल्या कुणाची असती, शेजाऱ्याची असती, तर नानांनी दोन शब्द ऐकवले असते, दोन ऐकून घेतले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण लेकीच्या सासरहून आणलेली वस्तू! नानांच्या वडिलांनी लेकीच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि हे महाशय तिथून करवत घेऊन बसले होते. पुष्पाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, हे त्यांना पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. नानांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नव्हतं.

तशी नानांनी मागितलीही नव्हती. अमळनेरला एका लग्नात पंगतीला बसले असताना ते सहज बोलून गेले की दारातला निंब फार माजलाय, गच्चीवरच्या सोलरच्या प्लेटांवर दुपारीच सावली येते, आणि झाडावर चढणारं गावात कुणी उरलं नाही. शेजारी व्याही बसले होते, शिरपूरचे लीलाधरभाऊ. हा मोठा हौशी माणूस. कृषी प्रदर्शन कुठेही लागो, भाऊ तिथे हजर, आणि परत येताना हातात काहीतरी असणारच. त्यांनी तिथेच आपल्या करवतीचं पुराण लावलं. तीन लाल नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या, प्रत्येक सांध्याला आवळायची कळ, टोकाला वाकडं पातं आणि पात्याखाली अडकलेली फांदी ओढायला आकडा. जमिनीवर उभं राहून दोन पुरुष उंचीची फांदी कापायची. भाऊ तिला मशीन म्हणत होते. तिला ना मोटर होती ना बटण, पण भाऊंच्या तोंडून ऐकलं की ती विमानात बसवायची वस्तू वाटायची. समोरच्या पंगतीतले लोकही हातातला घास तसाच धरून ऐकत होते, आणि त्या भरात भाऊ बोलून गेले, उद्याच पाठवतो तुमच्याकडे.

नानांनी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं. भाऊंनी रीतीप्रमाणे ते कानामागे टाकलं. आठवडाभराने जावई दीपक पिकअप घेऊन अमळनेरला निघाला होता, त्याने करवत दारात उतरवली आणि चहालासुद्धा न थांबता गेला. नानांना ते जरा खटकलं. पण जावई घाईतच असतात, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

मग एका सकाळी नानांनी निंबाला हात घातला. दोन नळ्यांमध्ये खालच्या फांद्या झकास निघाल्या. शेंड्याकडच्या फांदीसाठी तिसरी, सगळ्यात आतली नळी काढायला गेले तर ती निघेना. नानांनी खोबरेल तेल सोडलं, कळ ढिली केली, एक टोक पायाखाली धरून ओढली. ती एकदम हिसक्याने बाहेर आली आणि नाना पायरीवर बसले ते बसलेच. पण निघाली. फांदीही कापून झाली, पलीकडे पडली. आणि मिटवायला घेतली तेव्हा आतली नळी हातभर आत गेली आणि थांबली. नानांनी एक डोळा मिटून नळीच्या रेषेत पाहिलं. नळीला बाक आला होता.

आता हा बाक आला कुठून, हे नानांना काही केल्या कळेना. फांदी अंगावर पडली म्हणावं, तर पुष्पाबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या, फांदीने नळीला स्पर्शसुद्धा केला नाही असं त्या देवाशपथ सांगत होत्या. आपणच लोंबकळलो म्हणावं, तर आपण लोंबकळल्याचं नानांना आठवत नव्हतं. पण वाकली तर होती. आणि ती नानांच्या हातात असताना वाकलेली दिसली होती. म्हणजे नानांनीच वाकवली. दुसरं कोण वाकवणार?

हे एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण आखाजी तोंडावर आली होती.

आखाजी म्हणजे बाहेरच्यांची अक्षय्य तृतीया. इकडे खान्देशात तिचा मान दिवाळीहून वरचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके चढतात, बाया गाणी म्हणत झोके घेतात, घरोघर मांडे आणि आमरस होतो आणि पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसतात. लेक आणायला माहेरचं माणूस जातं, बाप नाहीतर भाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की लेकीचं सासरी वजन वाढतं, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

नानांची पुनम गेल्या आखाजीला आली नव्हती. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाला पुण्याहून सुट्टी मिळेना. नानांनी फोनवर सांगितलं होतं, बसने ये, धुळ्याला बदल, आता मुराळ्याची कसली वाट बघत बसायचं, जग कुठे गेलं. ती बरं म्हणाली. आणि आली नाही. ऊन फार असेल, छोटी, म्हणजे नात, आजारी असेल, असं नानांनी धरून चाललं. वर्ष निघून गेलं. यंदा पुष्पाबाईंनी फोनवर विचारलं, येशील ना गं, तर पुनम फक्त "बघू" म्हणाली.

हे "बघू" नानांच्या डोक्यात घुसून बसलं. त्यात काय होतं तेच त्यांना समजेना. राग म्हणावा तर ती रोज फोन करत होती, गोळ्या घेतल्या का विचारत होती. पुष्पाबाईंना मात्र सगळं समजलेलं दिसत होतं. त्यांनी एकच लावून धरलं, तुम्ही स्वतः जा आणि घेऊन या. नानाही जायला तयार होते. पण जाणार कसे? दारात पाऊल टाकताच लीलाधरभाऊंचा पहिला प्रश्न येणार, मशीन कसं वाटलं? वाकडी करवत घेऊन जावं तर तोंड कुठे लपवायचं, आणि करवत न घेता जावं तर ती का आणली नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लेकीच्या सासरच्या पहिल्याच वस्तूला आपला हात लागला आणि ती वाकली, हे आयुष्यभर लेकीने ऐकायचं का? नानांच्या डोक्यात गणित पक्कं बसलं. करवत सरळ झाल्याशिवाय शिरपूर नाही आणि शिरपूर झाल्याशिवाय पुनम नाही.

म्हणून नाना अमळनेरला नवलकडे गेले. नवल फाटकं आणि जिने बनवायचा, लोखंडात त्याचा हात चांगला. त्याने नळी खांद्यावर घेऊन पाहिली आणि एका मिनिटाचं काम म्हणाला. इथेच नानांनी सावध व्हायला हवं होतं. नवलने गॅस पेटवला आणि नळी लाल व्हायची वाट बघू लागला. आयुष्यभर लोखंड तापवलेला माणूस. तापलं की लाल होतं एवढं त्याला ठाऊक. ही नळी अॅल्युमिनियमची. ती लाल झालीच नाही. मुकाट तापत राहिली आणि मधेच मान टाकल्यासारखी खाली आली. आता नळी दोन ठिकाणी वाकली होती आणि एका ठिकाणी चपटी झाली होती.

नवल ओशाळला. ओशाळलेला कारागीर दुसऱ्याची चूक शोधतो, तशी त्यालाही एक सापडली. नळीच्या बुडाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "नाना, हे बघा. हिला आधी कोणीतरी ठोकून आत बसवलेलं शे. लाकडी हातोड्याचे वळ आहेत हे. तुम्ही नाही वाकवली ही."

नाना त्याच्यावर असे खवळले की समोरचा चहावाला बघायला आला. माझे व्याही मला मोडकी वस्तू देतील का, तुझं काम बिघडलं म्हणून माझ्या सोयऱ्यांवर घालतोस का, वगैरे. चपटी नळी काखोटीला मारून ते निघाले. पण बसमध्ये बसल्यावर त्यांनी गुपचूप चष्मा लावून नळीचं बूड पाहिलं. वळ होते.

इथून पुढे नानांच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. करवत आधीच वाकलेली असेल, तर भाऊंना ते ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असेल तर त्यांनी पंगतीत एवढी वाखाणून का दिली? ठाऊक नसेल तर आत ठोकून बसवली कुणी? आणि समजा हे आपण त्यांना सांगितलं, तर त्याचा अर्थ काय होतो? तुम्ही आम्हाला वाकडी वस्तू दिली, असं लेकीच्या सासऱ्याला तोंडावर म्हणायचं. आणि नाही सांगितलं तर न केलेल्या गुन्ह्याची फुली आपल्या कपाळावर. नाना रात्री जेवताना भाकरी वरणाच्या ऐवजी पाण्यात बुडवू लागले तेव्हा पुष्पाबाईंनी ताट पुढे ओढून दिलं आणि म्हणाल्या की करवत वाकू दे नाहीतर चुलीत जाऊ दे, लेक आणायची आहे ते बघा. नानांनी मान हलवली. आणि सकाळी उठून धुळ्याची बस पकडली, नवीन नळी आणायला. त्यांच्या मते यातून सुटायची ही एकच वाट होती. सरळ नळी घालून द्यायची, गप्प राहायचं, कुणी कुणाला काही म्हणायचं नाही.

धुळ्यात खिडक्या-दारांची अॅल्युमिनियमची पट्टी विकणारं हीरालाल शेठचं दुकान होतं. शेठ शांत माणूस, बोलणं गोड. त्यांनी नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, माप आतलं पाहिजे की बाहेरचं, नळी जाड पाहिजे की पातळ? नानांना काय सांगावं ते समजेना. त्यांनी आपली चपटी नळी पुढे केली. हिच्यासारखीच, म्हणाले. शेठनी ती फिरवून पाहिली आणि हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. कुठे फुगलेली, कुठे दबलेली, हिचं माप कुठून घेऊ, असं ते म्हणाले. ही ज्या नळीत जाते ती कुठे आहे? ती घरी होती. नाना अख्खी करवत घरी ठेवून फक्त बिघडलेला तुकडा घेऊन आले होते. बैल विकत घ्यायला जाताना जू घरी ठेवावं तसं झालं हे, आणि जन्मभर शेती केलेल्या माणसाला ते तिथे खुर्चीत बसल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी नाना सगळी करवत घेऊन पुन्हा दुकानात. आता प्रत्येक नळी घालून बघायची. एक आत गेली ती खडखडत गेली, कळ आवळली तरी पकड बसेना. करवत वर धरली की पातं आपोआप खाली यायचं. दुसरी तोंडातच अडली. दुकानातला कामगार म्हणाला, ढिलीला टेप गुंडाळा. शेठ म्हणाले, टेप उन्हात चिकट होईल, त्यापेक्षा घट्ट नळी घासून घ्या. खिडकीच्या काचा घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, कशाला एवढं, बांबूला विळा बांधा, आमची आजी तशीच शेंगा काढायची. नाना प्रत्येकाला हो म्हणत होते आणि कुणाचं ऐकावं ते त्यांना उमजत नव्हतं. शेवटी शेठच्याच म्हणण्याप्रमाणे घट्ट नळी घेतली. पॉलिश पेपरने घासून घासून ती आत सरकू लागली. जुन्या नळीच्या बुडाची प्लास्टिकची कडी काढून हिला बसवली, पात्याच्या बोल्टसाठी भोकं पाडली. करवत उघडली. करवत मिटली. नानांना दुकानातच नाचावंसं वाटलं.

घरी येऊन पाहतात तर दोन नळ्या लाल आणि एक पांढरी.

व्याह्यांच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. म्हणून नानांनी लाल रंगाचा फवारा आणला आणि गच्चीवर उन्हात बसून नळी रंगवली. सुरेख झाली. वाळल्यावर आत घालायला गेले तर रंगाच्या जाडीने ती पुन्हा अडकली. नाना डोक्याला हात लावून बसले. मग पुन्हा पॉलिश पेपर घेतला आणि आत जाणारा भाग खरवडून काढला, वरचा तेवढा लाल ठेवला. पुष्पाबाई कुरडया वाळवायला वर आल्या होत्या. त्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. "लेक तिकडे वाट बघतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही करवतीला नटवताय." नाना चिडले. हे सगळं लेकीसाठीच चाललंय, असं ते म्हणाले. आणि त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना करवत घेऊन शिरपूरला निघाले. धुळ्याला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, हे हत्यार आत नको. नानांनी त्याला सांगितलं की हे मशीन आहे. बसमध्ये त्यांनी दोन भाषणं तयार केली, एक खरं आणि एक बरं. खऱ्यात नळी बदलल्याचं सांगायचं होतं. बऱ्यात फक्त फार उपयोग झाला, एवढंच. तापी ओलांडली तरी कुठलं म्हणायचं ते ठरत नव्हतं. हात बघितले तर उन्हाने मऊ झालेला रंग तळव्यांना लागला होता.

लीलाधरभाऊ ओट्यावरच होते. नानांना पाहून ते उठले, आनंदले, आणि काखेतली करवत दिसताच त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि दाराआड कोपऱ्यात उभी केली. मशीन कसं वाटलं, हे विचारलंच नाही. उन्हाचं विचारलं, कापसाचं विचारलं, डोळ्याचं विचारलं. नाना हैराण झाले. ज्या प्रश्नाच्या भीतीने इतके दिवस झोप उडाली होती तो प्रश्न येतच नव्हता. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. एकदा उघडून बघा, म्हणाले, तुमची वस्तू जशीच्या तशी आहे. भाऊ म्हणाले, बघायचं काय त्यात, राहू द्या. नाना म्हणाले, नाही, बघितलेलं बरं. भाऊ म्हणाले, तुमच्यावर विश्वास नाही का आमचा, बसा. नाना उठले, भाऊ आडवे आले. दोन व्याही दारात एका करवतीला धरून, एक उघडा म्हणतो आणि एक नको म्हणतो. आतून पुनम आणि तिची सासू बघायला आल्या.

नानांनी कळ ढिली केली आणि तिसरी नळी ओढली. ती सुळकन बाहेर आली.

लीलाधरभाऊ तिच्याकडे बघत राहिले. "ही सरळ कशी झाली?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे वाकडी होती?" नाना म्हणाले.

भाऊंनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग खाली ओट्यावर बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. गेल्या आखाजीला दुपारी घरातले सगळे जेवून आडवे झाले होते. परसात मोठा निंब आहे. सुनेने विहिरीचा जाड दोर घेतला, करवतीच्या आकड्यात अडकवला आणि पूर्ण उघडलेल्या करवतीने तो फांदीवरून पलीकडे टाकायला बघत होती. दोर जड, आकड्यात गुंतला. तिने खाली ओढला आणि नळी वाकली. दीपक आवाजाने उठून आला. त्याने नळी गुडघ्यावर दाबली, ठोकून ठोकून आत बसवली, आणि मग स्वतः झाडावर चढून झोका बांधून दिला.

"सासरी कुणी झोका बांधतं का, नाना?" भाऊ म्हणाले. "पण आम्ही काही बोललो नाही. कसं बोलणार? तिने छोटीला बसवलं त्यावर. स्वतः नाही बसली."

लग्नाच्या मंडपात करवतीचं बोलणं तोंडातून निघून गेलं आणि मग आठवलं, असं भाऊंनी कबूल केलं. शब्द दिलेला, परत कसा घ्यायचा? मिटलेली होती, दोन नळ्यांत तुमचं काम होईल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर सुनेचं नाव घ्यावं लागलं असतं, मग तुम्ही विचारलं असतं की आखाजीला ती इथे झोका कशाला बांधत होती. त्याचं उत्तर तुमच्या तोंडावर कसं द्यायचं होतं आम्ही?

गोंधळ म्हणून जो होता तो सगळा एका क्षणात उलगडला, आणि उलगडल्यावर आणखी वाईट वाटलं. हा माणूस वर्षभर मूग गिळून बसला होता तो नानांची लाज राखायला. आणि नाना नळीला रंग लावत होते.

त्यांनी पुनमकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला होता आणि ती त्यांच्या तळव्यांवरच्या लाल रंगाकडे बघत होती. पुनम एम.ए. झालेली, फोनवर नेहमी शुद्ध बोलायची. आता ती घरच्या बोलीत बोलली.

"नाना, मुराई म्हनीसन उनात, का करवत देवाले उनात?"

नानांजवळ दोन भाषणं होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. खोटं बोलावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. सासऱ्यासमोर, सासूसमोर लेकीचा मानही राहिला असता. पण ती त्यांच्याकडे बघत होती.

"करवत देवाले उनू," नाना म्हणाले. "करवत द्यायलाच आलो. ती नीट झाली नसती तर मला यायला तोंड नव्हतं, पुना."

म्हणजे करवत सरळ झाली नसती तर यंदाही तुम्ही आले नसते, असं ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. एखादी गोष्ट एकदाची समजून घ्यावी तसं म्हणाली, आणि चहा टाकायला आत जाऊ लागली. तेवढ्यात नाना उठले. टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि येतो म्हणून फाटकाबाहेर पडले. भाऊ मागून हाका मारत राहिले, चहा तरी घ्या, एवढ्या उन्हात कुठे निघाले. नानांनी मागे वळून पाहिलं नाही. व्याह्यांना वाटलं, सोयरा रुसला. सासूबाईंना वाटलं, पोरगी जरा जास्तच बोलली. पुनम दाराला धरून उभी होती.

नाना बाजारात गेले. शिरपूरचा बाजार त्यांच्या फार ओळखीचा नव्हता, त्यामुळे ते एकाच गल्लीत पुन्हा पुन्हा फिरले. नारळ घेतला. खण घेतला, रंग कोणता घ्यावा कळेना म्हणून दुकानदारणीला विचारून घेतला. छोटीसाठी काचेच्या बांगड्या घेतल्या, माप बोटांनीच दाखवलं. आणि आखाजीला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून एक भलंमोठं टरबूज घेतलं, जे उचलल्यावर ते घ्यायला नको होतं असं त्यांच्या लक्षात आलं. रस्त्याकडेच्या नळावर त्यांनी तळवे घासघासून धुतले. रंग सगळा गेला नाही.

मग ते परत आले आणि फाटकाबाहेरच थांबले. टरबूज पोटाशी धरलेलं, पिशवी मनगटाला, घाम नाकावरून ओघळत होता. शेजारच्या ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या.

"लीलाधरभाऊ," नानांनी हाक दिली, गल्लीला ऐकू जाईल अशी. "लेक न्यायला आलो. आखाजीचा मुराळी आलोय."

भाऊ दारात आले. आत्ताच तर हा माणूस इथून गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते काहीतरी बोलणार होते, पण सासूबाईंनी त्यांच्या बाहीला धरून मागे ओढलं. पुनम बाहेर आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती पायरी उतरून फाटकापर्यंत गेली आणि बाहेरगावहून आत्ताच आलेल्या माणसाला द्यावं तसं तिने बापाला पाणी दिलं. टरबूज तिने आपल्या कडेवर घेतलं.

"घरून कधी निघाले, नाना?" तिने विचारलं. दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारतात तेवढंच.

नानांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली केला.

"मागच्या सालीच निघायला पाहिजे होतं, बाई," ते म्हणाले. "फार उशीर केला मी."

पुनमने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मग ती टरबूज घेऊन आत गेली आणि माळ्यावरची बॅग काढायला तिने दीपकला हाक मारली.